बीएमआय 24.8 : शिबिरात ‘सामान्य’, दवाखान्यात ‘वजन जास्त’. खरे काय मानावे?

प्रश्न : हिशेबनीस, मानेवाडा (नागपूर)

नमस्कार. माझे वय 43 असून मी एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करतो, त्यामुळे दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीतच जातात आणि मार्च महिन्यात तर त्याहूनही अधिक. गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीत आरोग्य तपासणी शिबिर झाले. तेथे माझी उंची 168 सेंटिमीटर आणि वजन 70 किलो भरले. यंत्रातून जी चिठ्ठी बाहेर आली तिच्यावर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा निर्देशांक) 24.8 असा आकडा होता आणि त्याच्याशेजारी हिरव्या चौकटीत ‘सामान्य’ असे छापलेले होते. आठवड्याभराने रक्तदाब दाखवण्यासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो (136/88 निघाला), तेव्हा तीच चिठ्ठी पाहून ते म्हणाले, “वजन जास्त आहे, पाच किलो तरी उतरवा.”

आकडेमोड हा माझा पेशाच असल्यामुळे घरी येऊन मी स्वतः हिशेब केला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे, म्हणजे 70 भागिले 2.82, उत्तर बरोबर 24.8 येते. भागाकारात चूक नाही, मग एकाच उत्तराचे दोन अर्थ कसे निघतात? माझी पँट गेली दहा वर्षे 34 इंचांचीच आहे, म्हणून पोट वाढले आहे हेही मला फारसे पटत नाही. दुसरीकडे माझा पुतण्या रोज व्यायामशाळेत जातो. त्याची उंची 175 सेंटिमीटर आणि वजन 82 किलो आहे, म्हणजे त्याचा बीएमआय 26.8 भरतो, पण त्याच्याकडे पाहून कोणीही त्याला स्थूल म्हणणार नाही.

आमच्या घरात त्या हिरव्या चौकटीत खऱ्या अर्थाने बसतात ते फक्त माझे वडील. वय 71, उंची 163, वजन 52, बीएमआय 19.6. शिबिरात त्यांचे कौतुकही झाले. दिवाळीत त्यांचे वजन 58 होते. म्हणजे कोणतेही पथ्य न करता त्यांनी सहा किलो उतरवले आणि मला चार महिन्यांत अर्धा किलोही उतरवता आलेला नाही. जाणकारांनी कृपया सांगावे की हा आकडा नेमका किती गांभीर्याने घ्यावा आणि वजन कमी करायचेच असेल तर ते कशाच्या आधारे करावे.

उत्तर 1 : आहारशास्त्राची निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

हिशेबनीस, आपला भागाकार बरोबर आहे आणि दोन्ही अर्थही आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक आहे तो सीमारेषेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गवारीनुसार 18.5 ते 24.9 हे सामान्य, 25 पासून पुढे जास्त वजन आणि 30 पासून पुढे स्थूलता. शिबिरातल्या यंत्रात हीच वर्गवारी भरलेली असणार. भारतीयांसाठी मात्र आपल्याकडचे डॉक्टर 23 पासूनच जास्त वजन आणि 25 पासून स्थूलता धरतात. 24.8 हा आकडा या दोन रेषांच्या बरोबर मध्ये सापडल्यामुळे आपल्याला दोन निकाल मिळाले.

ही वेगळी रेषा का आखावी लागली, हे समजण्यासाठी एक उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय 22.3 होता. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. काटा दोघांविषयी एकच गोष्ट सांगत होता आणि कातडीखाली मात्र दोन वेगळी शरीरे होती. आपल्या लोकांमध्ये तेवढ्याच वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, शिवाय ती हातापायांपेक्षा पोटात, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठण्याकडे कल असतो. हीच चरबी पुढे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते. म्हणून आपल्यासाठी रेषा अलीकडे सरकवावी लागली.

आता आपल्या 34 इंचांच्या पँटविषयी. माफ करा, पण हा पुरावा मी मुळीच मान्य करणार नाही. पोट वाढले की पुरुष पँटचे माप बदलत नाहीत, पँट खाली सरकवतात. पट्टा बेंबीच्या चार बोटे खाली जातो आणि पोट त्याच्यावरून पुढे येते. आपण शिंप्याची फीत घ्या आणि आरशासमोर उभे राहा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा या दोहोंच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगावर, फीत आडवी आणि सर्व बाजूंनी सारख्या उंचीवर धरा. श्वास सहज बाहेर सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका; तेथे आपल्याशिवाय दुसरे कोणी नसते. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. त्याहून सोपा ठोकताळा असा की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, म्हणजे आपल्या बाबतीत 84 च्या आत.

आहाराबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण आपले रोजचे ताट मी पाहिलेले नाही. कार्यालयात दिवसातून चहा किती वेळा होतो आणि प्रत्येक कपात साखर किती, हे आधी मोजा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दहा चमचे, सुमारे 50 ग्रॅम साखर आणि 200 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. तेलाच्या एका लहान चमच्यात 45 कॅलरी असतात. तर्री-पोह्यांवर जो लाल तवंग तरंगतो तो दोन-तीन चमच्यांचा सहज असतो, आणि सावजी रश्श्याविषयी मी बोलतच नाही. नागपुरात राहून हे सोडा असे मी सांगणार नाही, कारण मीही सोडलेले नाही. पण रविवारची तर्री आणि रोजची तर्री यांत फरक आहे. आपल्या ताटात बहुधा पोळी-भात भरपूर आणि वरण पातळ असते. प्रौढांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आपल्याला सुमारे 58 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम आणि एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, तेव्हा बेरीज आपणच करून पाहा. माझा अंदाज असा आहे की ती अपुरी भरेल.

उत्तर 2 : लोखंड_उचला

मी एका व्यायामशाळेत प्रशिक्षक आहे आणि स्पष्टच सांगतो की बीएमआय मोडीत काढण्याच्या लायकीचा आहे. हे सूत्र ज्या क्वेटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले ते बेल्जियमचे गणितज्ञ व खगोलशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते, आणि त्यांना रुग्ण तपासायचे नव्हते तर ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचे होते. बीएमआय हे नाव तर 1972 मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज यांनी दिले. आपल्या पुतण्याला या आकड्याची भीती अजिबात घालू नका. त्याची कंबर मोजा. ती 80-85 च्या आसपास असेल तर वरचे वजन स्नायूंचे आहे. आपणही काट्याकडे पाहणे बंद करून आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने उचलायला सुरुवात करा. शिबिरातल्या त्या यंत्रांनी चरबीची टक्केवारीही दिली असेल, तर तिच्यावर फार विसंबू नका. ती यंत्रे शरीरातून अतिसौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात, आणि तुम्ही किती पाणी प्यायला आहात यावरही त्यांचे उत्तर बदलते.

उत्तर 3 : फुटाळा_पहाटे

प्रशिक्षक महोदयांचा पुतण्याविषयीचा मुद्दा मान्य, पण मोडीत काढण्याची घाई कशाला? व्यायामशाळेत तयार झालेले शरीर आपल्या गावात शंभरात कितीजणांचे असते? माझे वजन 81 किलो होते तेव्हा मीही ‘माझी हाडेच जड आहेत’ असे म्हणत असे. नंतर 73 वर आलो आणि हाडे तीच राहिली.

हिशेबनीसांना माझा अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि सहा वर्षांपासून फुटाळा तलावाच्या काठाने चालतो. पहिल्या वर्षी मी फक्त चाललो आणि वजन जेमतेम दीड किलो उतरले, कारण चालून परत येताना आमचा चौघांचा कंपू रोज एका टपरीवर थांबत असे. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चालले तर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि एक सामोसा व एक गोड चहा त्या पाच मिनिटांत परत भरून काढतात. हे गणित मला एका डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवले, तेव्हा कोठे डोक्यात प्रकाश पडला. कंपू अजून तसाच आहे, टपरीही तीच आहे, फक्त सामोसा आता शनिवारी होतो.

दुसरी गोष्ट नागपूरच्या उन्हाची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपण सगळे मोठ्या उत्साहाने चालतो, आणि पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळिसाकडे निघाला की एप्रिलपासून घरात बसतो. माझे वजन दर उन्हाळ्यात दोन किलो वाढायचे, ते याच खंडामुळे. त्यात आमरसही आलाच. आता मी उन्हाळ्यात साडेपाचलाच बाहेर पडतो आणि जमले नाही त्या दिवशी आमच्या इमारतीचे तीन मजले पाच वेळा चढतो-उतरतो. आठवड्याला किमान 150 मिनिटे घाम येईल असे चालणे, एवढा एकच नियम मी पाळतो. ती मिनिटे कोणत्या वारी भरली याची चिंता करत नाही.

वजन मात्र दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर करावे. लहानपणी रेल्वे स्थानकावर रंगीत दिव्यांचे यंत्र असे, नाणे टाकले की वजनाबरोबर भविष्य छापलेले तिकीट बाहेर पडायचे. रोज काट्यावर चढणाऱ्यांची अवस्था तशीच होते. एखाद्या लग्नात खारट-तिखट जेवले तरी दुसऱ्या दिवशी किलोभर पाणी अंगात राहते आणि माणूस उगाच हताश होतो.

उत्तर 4 : एक फिजिशियन, नागपूर

वरची चर्चा वाचली. हिशेबनीसांच्या मूळ प्रश्नाला शिक्षिकाबाईंनी नेमके उत्तर दिले आहे, त्यात दोनच गोष्टींची भर घालतो आणि मग ज्या कारणासाठी मी लिहायला बसलो त्याकडे वळतो.

पहिली गोष्ट, बीएमआय मोडीत काढू नये, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर निदानही करू नये. जानेवारी 2025 मध्ये ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही हेच सांगितले की स्थूलता ठरवताना कंबरेचे माप किंवा चरबीची प्रत्यक्ष मोजणी यांची जोड द्यावी आणि त्या चरबीमुळे अवयवांच्या कामावर परिणाम झाला आहे का ते पाहावे. 24.8 या आकड्याबरोबर 136/88 हा रक्तदाब येतो तेव्हा माझ्या दृष्टीने त्या आकड्याचे वजन वाढते. आपण उपाशीपोटी साखर, रक्तातील चरबीची तपासणी आणि यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि रक्तदाब घरी शांत बसून आठवडाभर नोंदवून डॉक्टरांना दाखवावा.

दुसरी गोष्ट, उद्दिष्ट लहान ठेवावे. शरीराच्या वजनाच्या पाच टक्के म्हणजे आपल्या बाबतीत साडेतीन किलो उतरले तरी रक्तदाब आणि साखर यांत फरक दिसू लागतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी, असे धरून लोक तीन महिन्यांचा तक्ता आखतात. परंतु वजन उतरते तसा शरीराचा स्वतःचा खर्चही कमी होतो, म्हणून सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलो उतरणारे वजन पुढे अडते. आपण हिशेबाच्या पेशात आहात, तेव्हा असे समजा की या खात्याचा व्याजदर मध्येच बदलतो. वजन अडले की उपास वाढवणे ही चूक असते, कारण प्रथिने आणि स्नायूंचा व्यायाम नसताना उपासाने स्नायूही झिजतात. या बाबतीत प्रशिक्षक महोदयांचा सल्ला योग्यच आहे.

आता मुख्य मुद्दा. आपण आपल्या वडिलांविषयी ज्या दोन ओळी कौतुकाने लिहिल्या आहेत, त्या वाचून मला काळजी वाटली. दिवाळीपासून आतापर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिन्यांत, 58 चे 52 झाले. हे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक आहे, आणि ते त्यांनी ठरवून उतरवलेले नाही. सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून अधिक वजन आपोआप उतरले तर कारण शोधलेच पाहिजे, मग बीएमआय कोणत्याही चौकटीत असो. बीएमआय फक्त आजचे वजन पाहतो. माणूस त्या ठिकाणी चढून आला की घसरून आला हे त्याला कळत नाही. शिवाय आपण त्यांची जी उंची धरली आहे ती शिबिरात मोजलेली आहे की जुन्या कागदावरची, हेही पाहा, कारण मणके दबल्यामुळे वयाबरोबर उंची कमी होते आणि जुनी उंची धरली तर हिशेब चुकतो.

कारण साधेही असू शकते. कवळी सैल झाली म्हणून चावता येत नाही आणि ते सांगायचा संकोच वाटतो, असे वृद्ध माझ्याकडे नेहमी येतात. मन उदास असेल तरी जेवण कमी होते. परंतु नियंत्रणाबाहेर गेलेला मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक, क्षयरोग, पचनसंस्थेचे आजार आणि कर्करोग ही कारणेही याच दारातून आत येतात. त्यांना भूक कशी आहे, तहान वाढली आहे का, रात्री लघवीला किती वेळा उठतात, खोकला किंवा सायंकाळचा बारीक ताप आहे का, हे आजच विचारा आणि या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे न्या. आपले साडेतीन किलो महिनाभर थांबले तरी काही बिघडणार नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : हिशेबनीस (नऊ दिवसांनी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेबांचे उत्तर रात्री वाचले आणि तसाच बाबांच्या खोलीत गेलो. ते झोपले होते. दाराच्या खुंटीला त्यांचा चामडी पट्टा लटकत होता. त्याला कंपनीने पाडलेली पाच भोके आहेत आणि त्यांच्या पुढे खिळ्याने पाडलेली आणखी दोन, वेडीवाकडी, कडा उसवलेली. सकाळी विचारले तेव्हा म्हणाले की पँट घसरत होती म्हणून त्यांनी हातोडीने भोके पाडली, एक संक्रांतीच्या सुमारास आणि दुसरे होळीनंतर. रात्री चार-पाच वेळा उठावे लागते हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. उन्हाळ्यामुळे पाणी जास्त प्यायले जाते असे ते धरून चालले होते, आणि शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या मला याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तपासणी केली. उपाशीपोटी साखर 246 आली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी 11.2. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, थायरॉइड ठीक आहे. पोटाची सोनोग्राफी परवा आहे. डॉक्टरांनी मधुमेहाची औषधे सुरू केली असून काही आठवडे इन्सुलिनही लागेल असे म्हटले आहे. शिबिरात साखर तपासायची सोय होती, पण रांग मोठी होती आणि चिठ्ठी हिरवी आली म्हणून आम्ही परतलो होतो. त्यांची उंचीही पुन्हा मोजून घेतली; 163 नव्हे, 160 भरली.

माझी कंबर शिक्षिकाबाईंनी सांगितल्याप्रमाणे मोजली. पहिल्यांदा 92 आली, मग बायकोने “श्वास सोडा आधी” असे म्हणून फीत स्वतःच्या हातात घेतली आणि 97 आली. म्हणजे 38 इंच. पँट 34 चीच आहे. चहातली साखर सध्या निम्मी केली आहे. माझी उपाशीपोटी साखर 108 निघाली, रक्तदाब मी रोज वहीत लिहितो आहे, आणि ती वही घेऊन पुढच्या सोमवारी मीही बाबांबरोबर त्यांच्याच डॉक्टरांकडे जाणार आहे. एक शंका उरली आहे : बाबांच्या वजनाचे पुढे काय उद्दिष्ट ठेवावे? साखर आटोक्यात आल्यावर त्यांनी पुन्हा 58 पर्यंत यावे का, आणि तसे असेल तर त्यांच्या ताटात आधी काय वाढवावे?

उत्तर 5 : आहारशास्त्राची निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील, पण इन्सुलिन आणि औषधे लागू पडली की थोडे वजन आपोआप परत येते, त्यामुळे घाबरून तूप-साखर वाढवू नका. आधी वरण घट्ट करा, दोन्ही जेवणांत वाटीभर दही किंवा एक अंडे ठेवा, आणि भाताची मूद लहान करून भाजीची वाटी मोठी करा. इन्सुलिन चालू असताना जेवणाची वेळ चुकवू देऊ नका आणि रक्तातील साखर फार उतरून घाम, थरथर वाटली तर लगेच द्यायला साखर त्यांच्या उशाशी ठेवा; ती मात्र आपल्या चहात जाणार नाही याची काळजी घ्या. त्यांना खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येते का तेही पाहा. येत नसेल तर सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा तेवढेच करायला लावा, सुरुवातीला टेबलाला धरून, आणि आपण शेजारी उभे राहा.